पाव्हण्यांची खुर्ची

“काय म्हणाला कट्टा?”

बुटांची नाडी सोडता सोडता सरांनी विचारलं. अजून उंबऱ्याच्या आतही आले नव्हते. मी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातूनच हिंदुराव तात्यांचा आवाज काढला, “आरं, वाघाला गोठ्यात बांधलाय पाव्हण्यानं! आमच्या घरात तीन पिढ्या नऊ नंबर घालतोय, पुढं खेळतोय. आन् माझं पोरगं गोलकीपरच्या म्होरं हुबं राहून माशा मारतंय!”

सर इतके हसले की एक बूट हातातच राहिला. “आणि गणपा टेलर?”

“गणपा म्हणाला, जर्सी मी शिवल्यात, त्यांचा काय दोष न्हाई. मापं बरोबर हायत.”

“मुनीरभाई?”

“मुनीरभाई म्हणाले, पहिलीच मॅच हाय, शून्य-शून्य तर शून्य-शून्य. हारलो तर न्हाई. मग सगळे त्यांच्यावरच घसरले.”

हा आमचा रोजचा कार्यक्रम होता. सर म्हणजे माझे यजमान, नेसरीकर सर. शाळेत खेळाचे शिक्षक. सगळी पेठ त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. आमचं घर नवलाई तालमीच्या बरोबर समोर. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. आत लाल मातीचा आखाडा, बाहेर फुटबॉलची टीम, आणि पेठेतलं पोरगं चालायला लागलं की बापाला आधी त्याच्या पायात बॉल बघायचा असतो. बाईमाणूस तालमीत जात नाही. पण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कट्ट्यावर उघडायची आणि कट्ट्यावरच्या लोकांना हळू बोलायची सवय नव्हती. भाकरी थापत थापत मी ऑफसाइड शिकले ते त्या खिडकीतून.

कट्टा म्हणजे तालमीच्या दारातला काळ्या दगडाचा लांब ओटा. त्यावर ज्याची त्याची जागा ठरलेली. मधे हिंदुराव तात्या घाटगे, एकेकाळचे सेंटर फॉरवर्ड, तालमीचे अध्यक्ष. त्यांच्या उजवीकडे गणपा टेलर, पलीकडे मुनीरभाई. आणि तात्यांच्या डावीकडची जागा माझ्या वडिलांची, आप्पांची. आप्पा गेले त्यानंतर तिथं कुणी बसलं नाही. पेठेत असंच असतं. माणूस गेला तरी दगड त्याचाच.

सर मूळचे गडहिंग्लजचे. मी आप्पांची एकुलती एक, म्हणून लग्नानंतर ते आमच्या घरी राहायला आले. तोंडावर कुणी घरजावई म्हणालं नाही, खोटं कशाला बोलू. उलट मान एवढा की विचारू नका. सर संध्याकाळी कट्ट्याकडे गेले की तात्या ओरडायचे, “ए, पाव्हण्यांना खुर्ची आणा!” आणि आतून लोखंडी घडीची खुर्ची यायची. सगळे दगडावर, सर खुर्चीत. वीतभर उंच. बोलणं त्यांच्या गुडघ्याखालून इकडून तिकडं जायचं. सरांनी दोन-चारदा दगडावर बसायला बघितलं, तर तात्यांनी हाताला धरून उठवलं. “आसं कसं? जावयाला दगडावर बसवलं म्हणून पेठंचं नाव खराब हुईल की.”

आमची दोन पोरं शाळेत जायला लागली, सरांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी सर पाव्हणेच.

एकदा जेवता जेवता म्हणाले, “मालन, मला आप्पांच्या जागेवर बसायचंय.”

“दगडच तो. त्यात काय एवढं?” मी म्हणाले. मेलं मलाही ठाऊक होतं त्यात काय ते.

त्या वर्षी टीमचा जुना प्रशिक्षक मुलाकडे पुण्याला गेला आणि तात्यांनी स्वतः येऊन सरांना टीम दिली. तात्या दारातून वळले नाहीत तोच सर स्वयंपाकघरात आले. डोळे असे चमकत होते, जणू दुसरं लग्न ठरलंय.

“टीम जिंकली की ती खुर्ची गेली बघ,” म्हणाले.

आता नवलाईचा खेळ कसा? मागून बॉल उचलायचा, आभाळात हाणायचा, आणि पुढं तात्यांचा रणजित पळत सुटणार. गोल झाला तर गुलाल, नाही झाला तर रेफ्री विकला गेला. बाप असाच खेळला, आजा असाच खेळला. सरांनी काय केलं, बॉल जमिनीवर आणला. मागून एकमेकांना देत देत पुढं जायचं. आणि रणजितला त्यांनी मागं घेतलं, बचावाच्या मधोमध. म्हणाले, अख्ख्या टीममध्ये मान वर करून खेळणारा तो एकच पोरगा आहे, त्याला मैदान दिसलं पाहिजे.

रणजित आधी फुगून बसला. सर त्याला घरी घेऊन आले, जमिनीवर माझी परात पालथी घातली आणि तिच्यावर शेंगदाणे मांडून त्याला खेळ दाखवला. पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन आला. एक शेंगदाणा सरकवला आणि म्हणाला, “सर, मागनं सगळं दिसतंय की वो. पुढं असताना मला नुसत्या पाठीच दिसायच्या.”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने आणखी शेंगदाणे आणून ठेवले.

पण शेंगदाणे काय, सांगाल तिकडं सरकतात. पोरांचे पाय सरकायला वेळ लागतो. दुसऱ्या मॅचला आमच्या एकाने मागं दिलेला पास थेट समोरच्याच्या पायात पडला, गोल. पुन्हा तसाच, दुसरा गोल. तिसरी मॅच एक शून्यने गेली आणि तीही शेवटच्या मिनिटाला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर जे चाललं होतं ते ऐकून मी पोरांना आतल्या खोलीत पाठवलं.

“पास, पास, पास! आरं, गोल कोण करणार, तुमचा काका?” गणपा टेलर उभाच राहिला होता. “संगीत खुर्ची खेळत्यात का फुटबॉल?”

“गडहिंग्लजला चालत आसंल आसलं,” तात्या म्हणाले. “नवलाईचा बॉल वरनं जातो. माझ्या बापाचा वरनं गेला, माझा वरनं गेला.”

“पण तात्या, पोरं शिकाल्यात आत्ता कुठं,” मुनीरभाई म्हणाले. “शेवटच्या मॅचला शेवटी शेवटी बघितलासा का? लई ग्वाड दिसत हुतं. थोडी कळ काढा.”

“ग्वाड? मुनीर, हारायला ग्वाड लागतंय व्हय रं तुला?”

सगळे खदाखदा हसले. मग गणपा म्हणाला, “शेवटी काय, पाव्हणा तो पाव्हणा. हारलो तर त्याचं काय जातंय? पेठ आमची हाय.”

माझ्या हातातलं लाटणं मी एवढ्या जोरात आपटलं की पोळपाट तडकला. कुणी वळूनही बघितलं नाही. घरातली बाई आपटतेच काहीतरी, असंच वाटलं असेल.

सर आले. नाडी सोडली.

“काय म्हणाला कट्टा?”

“आज कोण बसलंच नव्हतं,” मी म्हणाले.

त्यांनी बूट भिंतीला नीट लावून ठेवले. एकमेकांना चिकटवून, शाळेतल्या पोरासारखे.

मोठ्या स्पर्धेला, चषकाला, थोडे दिवस उरले होते. एका रविवारी तात्यांचा निरोप आला, तालमीत सत्कार आहे, सरांनी पांढरा शर्ट घालून यावं. सर उजळलेच. “बघ, त्यांना पटलं,” म्हणाले. “पोरांची परवाची प्रॅक्टिस बघायला तात्या आले होते, कोपऱ्यात उभे होते. बघून गेले असणार.” मी शर्टाला इस्त्री केली. खिडकीतून बघितलं तर कट्ट्यावर सतरंजी, हार, नारळ. तात्यांनी स्वतःच्या हातांनी सरांना कोल्हापुरी फेटा बांधला. शाल घातली. मग भाषणं सुरू झाली.

पहिल्याने सरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. दुसऱ्याने आप्पांची आठवण काढली. तिसरा म्हणाला, सरांनी नोकरी, संसार सांभाळून पेठेसाठी वेळ काढला. सर मान खाली घालून हसत होते, फेट्याचा तुरा हलत होता. मग तात्या उठले आणि म्हणाले, “सरांच्या तब्येतीकडं आन् घराकडं बघता त्यांना आता ज्यादा तरास द्यायला पेठंला बरं वाटत न्हाई. म्हणून चषकाला टीम मी बघतो. पाव्हण्यांनी कवाबी यावं, बसावं. त्यांची खुर्ची हायच.”

टाळ्या पडल्या. नारळ सरांच्या हातात गेला.

आमच्याकडं जावयाचा अपमान करत नाहीत. फेटा बांधून घालवतात.

सर रस्ता ओलांडून आले तेव्हा फेटा डोक्यावरच होता. दारात उभे राहिले. मी म्हणाले, “काढा तो.” तर म्हणाले, “राहू दे, पोरांना बघू दे.” पोरांनी बघितला. धाकटा म्हणाला, “बाबा, तुम्ही जिंकलात?”

मी त्या दिवशी तात्यांना, त्यांच्या बापाला, आज्याला, त्यांच्या नऊ नंबरला मनात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील.

तात्यांनी रणजितला पुन्हा पुढं नेलं. बॉल पुन्हा आभाळात गेला. सुरुवातीला समोर कच्च्या टीम होत्या, निघून गेलं. कट्ट्यावर रोज पेढे. तात्या म्हणायचे, “बघा, वाघ सोडला की न्हाई?” फायनल आली ती खालच्या आळीशी. तिच्याशी आमचं कधीपासून वाकडं ते कुणालाच नीट सांगता येत नाही, पण वाकडं आहे हे नक्की.

त्या दिवशी सर म्हणाले, “चल, आज तू पण.” आम्ही नवलाईच्या बाजूला बसलो नाही. समोर, जिथं कुठल्याच पेठेचं कुणी बसत नाही तिथं तिकीट काढून बसलो. मध्यंतराला नवलाई दोन शून्यने मागं. रणजितच्या दोन्ही अंगाला त्यांची दोन धिप्पाड पोरं होती. वरून आलेला प्रत्येक बॉल त्याच्या डोक्यावरून जात होता आणि तो नुसता पळून पळून घामेघूम झाला होता. पलीकडच्या गॅलरीत आमची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती.

दुसरा हाफ सुरू झाला. रणजित मैदानाच्या मधे थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि चालत चालत मागं गेला. अगदी मागं, गोलकीपरच्या म्होरं. हात वर केला. आमच्या पोरांनी बघितलं आणि एकेकजण सरकला. बॉल खाली आला.

सरांनी माझा हात धरला. चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

“आता उजवीकडं,” ते पुटपुटले. बॉल उजवीकडं गेला. “थांब. थांब. परत दे.” परत दिला. “आता जा.” आणि पोरगं गेलं. ते पुटपुटत होते आणि समोर तसंच घडत होतं, जसं माझ्या परातीवर घडलं होतं. आणि रेषेच्या पलीकडे हिंदुराव तात्या दोन्ही हात हलवत बोंबलत होते. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण हात दिसत होते. पुढं, पुढं, पुढं! रणजित बापाकडे बघतच नव्हता.

पहिला गोल झाला. दुसरा झाला. तिसरा झाला तेव्हा सर रडत होते. आजूबाजूचे लोक म्हणाले, “नवलाईचे काय तुम्ही?”

“व्हय,” सर म्हणाले. “नवलाईचाच.”

संध्याकाळी मिरवणूक पेठेत आली. हलगी, गुलाल, चषक तात्यांच्या खांद्यावर. आमच्याकडे टीम जिंकून आली की बायका आपापल्या दारात तबक घेऊन उभ्या राहतात आणि पोरांना ओवाळतात. मी उभी होते. सर माझ्या मागं, आत अंधारात. म्हणत होते, “मी नंतर जातो.” मी म्हणाले, “आत्ता जायचं. हे सगळं तुमचं आहे.”

मी ओवाळलं. रणजितच्या कपाळाला कुंकू लावलं तर तो माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, “काकी, सर कुठायत?” आणि सर बाहेर आलेच. पोरांनी एकच गलका केला. रणजितने त्यांना ओढतच कट्ट्यापाशी नेलं. रस्ता कितीसा, माझ्या दारातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

एक पेपरवाला आलेला होता, वही काढून. तात्यांना म्हणाला, “तात्या, दुसऱ्या हाफमधी रणजितला मागं घेतलासा आन् मॅचच फिरली. काय डोकं लावलंय! कुणाची आयडिया?”

तात्यांनी गुलालाने भरलेली मिशी पुसली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रणजित म्हणाला, “सरांची. ह्ये सगळं सरांनी शिकवल्यालं हाय. आम्ही नुसतं...”

“काय रं?” तात्या म्हणाले.

हलगी थांबली. अख्खी पेठ कट्ट्याभोवती गोळा झाली होती. रणजितचा गुलालाखालचा चेहरा पांढरा पडला, पण तो बापाच्या डोळ्याला डोळा देऊन उभा होता. “खरं त्येच सांगालोय बाबा. इचारा कुणालाबी.”

आतून मुनीरभाई सवयीने खुर्ची घेऊन आले होते. तात्यांनी खुर्चीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. अध्यक्ष होते, डोकं त्यांना होतंच.

“मुनीर, ठेव ती खुर्ची आत,” ते म्हणाले. “किती दिवस पाव्हण्यांना खुर्चीत बसवायचं? या सर. हिकडं बसा.” आणि डावीकडच्या दगडावर हात थोपटला. आप्पांच्या जागेवर. “पोरगं जोशात हाय, त्याला काय सुचंना झालंय. तुम्हीच सांगा पेपरवाल्यांना. कुणाची आयडिया?”

मला वाटलं, आता. आता बोला.

सर त्या दगडाकडे बघत होते. त्यांच्याइतकं त्या दगडाकडे कुणी बघितलं नसेल, आप्पांनीही नाही.

“तात्यांची,” सर म्हणाले. “रणजितला मागं घ्यायचं तात्यांनी मध्यंतरातच ठरवलं होतं. मी समोरच बसलो होतो की. हातानं खुणा करून सांगत होते त्याला.”

आणि ते बसले.

हलगी पुन्हा सुरू झाली. तात्यांनी ओंजळभर गुलाल सरांच्या डोक्यावर ओतला. “ह्याला म्हणत्यात पेठंचा माणूस!” गणपा टेलर ओरडला. मुनीरभाई मात्र खुर्ची हातात घेऊन तसेच उभे होते, सरांकडे बघत. रणजितने गळ्यातला हार काढला, कट्ट्याच्या कडेला ठेवला आणि गर्दीतून निघून गेला. माझ्या दारावरून गेला तेव्हा मी “रणजित” म्हणून हाक मारली. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

पुढच्या सीझनला तो गावातल्या दुसऱ्याच एका टीमकडून खेळला. तात्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सरांकडे तो त्यानंतर कधी आला नाही.

आता तात्या नाहीत, गणपाही नाही. सर आहेत. रोज संध्याकाळी आप्पांच्या जागेवर बसतात, आणि नवीन पोरांनी विचारलं की त्या फायनलची गोष्ट सांगतात. तात्यांनी मध्यंतरात काय सांगितलं, रेषेवरून कशा खुणा केल्या, सगळं. फार रंगवून सांगतात. इतकी वर्षं सांगून सांगून आता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत असावं. मी त्या वेळेला खिडकी लावून घेते. फोडणीचा धूर कोंडतो, कोंडू दे.

त्या संध्याकाळी सर घरी आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत लाल होते. उंबऱ्यापाशी वाकून त्यांनी बुटांची नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही भिंतीला नीट लावून ठेवले. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. वाट बघत होते. कट्टा काय म्हणाला विचारलं असतं तर सगळं सांगणार होते, एकेक शब्द, त्यांच्या स्वतःच्या आवाजासकट.

त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून कधीच विचारलं नाही.